मेहुण्याचं सहा खाटांचं घर, बायकोने दिलेले उसने पैसे आणि ओम्बुड्समनचा फॉर्म

खाडीपलीकडचा

मंडळी नमस्कार. एरवी मी नुसता वाचनमात्र असतो, आज लिहितोय कारण घरात विचारून झालं आणि घरातलं उत्तर पटत नाहीये.

आधी पार्श्वभूमी. मी कॅलिफोर्नियात ईस्ट बेमधे राहतो. तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि तेव्हापासून लाँग टर्म केअर ओम्बुड्समनचा व्हॉलंटियर आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षं काढलेल्यांनाही हे काय असतं ते माहीत नसतं, मलाही नव्हतं. नर्सिंग होम (इथे म्हणजे दवाखाना नाही, कायम नर्सिंग लागणाऱ्यांची राहायची जागा), असिस्टेड लिव्हिंग, आणि साध्या गल्लीत साध्या घरात चालणारी सहा खाटांची बोर्ड अँड केअर, अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे ओम्बुड्समन. ३६ तासांचं ट्रेनिंग झालं, गळ्यात बॅज आला, आणि मग न कळवता जायचं, खोलीखोलीत डोकवायचं, कसं चाललंय विचारायचं. बेल दाबली तरी कोणी येत नाही, कवळी हरवली, मुलीला भेटू देत नाहीत, ३० दिवसांची नोटीस देऊन बाहेर काढतायत, असलं सगळं ऐकायचं आणि त्या माणसाची परवानगी असेल तरच पुढे न्यायचं. आम्ही दंड करू शकत नाही, लायसन्स काढून घेऊ शकत नाही. फक्त जाऊन बसतो, बोलतो, मागे लागतो.

तर आता प्रॉब्लेम. माझ्या मेहुण्याचा धंदा हाच, सहा खाटांची घरं. चार वर्षांपूर्वी त्याने पहिलं घर घेतलं ते लांब, दुसऱ्या काउंटीत. तेव्हा बायकोने त्याला २५ हजार डॉलर दिले. कागद नाही, व्याज नाही, भावाला दिले. मी व्हॉलंटियर झालो तेव्हा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टचा (म्हणजे कामाच्या आड येतील असे हितसंबंध सांगायचा) फॉर्म भरला त्यात हे काही लिहिलं नाही कारण डोक्यातच आलं नाही, घर तर आमच्या एरियात नव्हतंच.

मागच्या वर्षी माझ्या यादीत एक नवीन घर आलं. दोनदा जाऊन आलो. छान स्वच्छ घर, दोन फिलिपिनो केअरगिव्हर, सहा माणसं. त्यातल्या एक आजी मराठी, माणदेशाकडच्या! डिमेन्शियात इंग्रजी पार गेलंय, मराठी शिल्लक आहे, ते पण तिकडचं. मी गेलो की हात धरून बसतात आणि जोंधळा, मेंढरं, पाऊस यावर बोलतात. बाकी दिवसभर त्या घरात त्यांचं बोलणं कोणालाच कळत नाही.

आणि मग यंदा गणपतीला मेहुण्याकडे जेवायला गेलो तेव्हा कळलं की ते घर त्याचंच. कंपनीचं नाव वेगळं, पार्टनर वेगळा, पण निम्मं याचं. मोदक वाढता वाढता मला म्हणाला, भावजी परवा तुमच्या ऑफिसातून कोणीतरी आलेलं आमच्याकडे, तक्रार वगैरे आली की काय, सहज विचारतोय. मी म्हटलं मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आणि असतं तरी सांगता येत नाही, तक्रार करणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढायला कायद्यानेच बंदी आहे. पण घशात मोदक अडकला तो अडकलाच.

आता वार्षिक फॉर्म आलाय, १५ दिवसांत द्यायचाय. बायको म्हणते त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणतच नाहीत, मी भावाला उसने दिलेत. आणि लिहिलंस तर ते घर तुझ्याकडून काढतील, मग त्या आजींशी बोलणार कोण? हे दुसरं वाक्य जास्त लागतंय मला. अनुभवी लोकांनी सांगा.

गुळपोळी

बापरे. वाचतेय. मला एक बेसिक शंका, हे ओम्बुड्समन सरकारी असतात का? पैसे कोण देतं?

वरवंटा

एवढं काय त्यात. तुम्ही फुकट काम करताय, घर चांगलं आहे असं तुम्हीच म्हणताय, आजींचं भलं होतंय. यात कॉन्फ्लिक्ट कुठेय? उगाच स्वतःहून लिहून द्यायचं आणि सासुरवाडीशी वाकडं घ्यायचं. मेहुण्याचं घर वाईट असतं आणि तुम्ही झाकलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे पुण्यात तर ज्याचा वृद्धाश्रम तोच ट्रस्टी, तोच तक्रार ऐकणारा, आणि त्याच्याच पुतण्याची कँटीन असं बघितलंय मी.

ताम्हण

खाडीपलीकडचे काका, मी न्यू जर्सीत नर्सिंग होममधे सोशल वर्कर आहे, म्हणजे तुमच्या टेबलाची पलीकडची बाजू. ओम्बुड्समन आले की आमच्याकडे लगबग होते ती मी बघते.

उसने वाला मुद्दा आधी मिटवते. फेडरल नियमात मालकी किंवा इन्व्हेस्टमेंट इंटरेस्ट म्हणजे काय हे लिहिलेलं आहे. शेअर असो, कर्ज असो, नाहीतर दुसरा कुठला आर्थिक संबंध असो, सगळं त्यात येतं. कर्ज हा शब्द तिथे आहे. व्याज घेतलं की नाही, कागद केला की नाही, हे कोणी विचारत नाही. आणि नुसता तुमचा नाही, जवळच्या कुटुंबाचा इंटरेस्टही धरतात. जवळचं कुटुंब म्हणजे एका घरात राहणारे, किंवा ज्यांच्याशी जवळचं नातं किंवा मोठा आर्थिक संबंध आहे असे नातेवाईक. काकू पहिल्यात बसतात, मेहुणा दुसऱ्यात आरामात बसतो. त्यामुळे "इन्व्हेस्टमेंट म्हणत नाहीत" हे घरात ठीक आहे, फॉर्मवर नाही.

वरवंटा, घर चांगलं आहे हे सांगतंय कोण? काकाच ना? आणि आता आपल्याला कळलं की काकांच्या घरातले २५ हजार त्या माणसाकडे अडकलेत. मग काकांनी सांगितलेलं "छान स्वच्छ घर" मी आधी जेवढ्या सहज मानलं तेवढं आता मानेन का? काका खोटं बोलतायत असं अजिबात म्हणत नाहीये. पण आता ते खरं बोलले तरी ते तपासून बघावं लागणार, नुकसान ते आहे. त्या घरातल्या सहा जणांना तर तपासायचीही सोय नाही, त्यांना फक्त बॅज दिसतो.

पाटी_पेन्सिल

गुळपोळी, सरकारी म्हणजे कायदा आणि बराचसा पैसा फेडरल, चालवतं राज्य. ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको आणि ग्वाम असे ५३ प्रोग्राम आहेत. काही राज्यांत ऑफिस सरकारच्याच एजिंग खात्यात असतं, काही ठिकाणी स्वतंत्र, काही ठिकाणी एखाद्या ना-नफा संस्थेला कंत्राट. खाली गावपातळीवर आणखी संस्था, आणि सगळ्यात खाली धागालेखकासारखे व्हॉलंटियर.

सुरुवात १९७२ च्या आसपासची, निक्सनच्या काळात नर्सिंग होमच्या भानगडी बाहेर आल्यावर काही राज्यांत प्रयोग म्हणून केलं. १९७८ ला ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमधे दुरुस्ती होऊन प्रत्येक राज्याला बंधनकारक झालं. १९८१ ला तुमची ती छोटी बोर्ड अँड केअर घरं त्यात आली. (गंमत म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्रात लोकायुक्त बसले तेही १९७२ लाच. आणि मूळ शब्द स्वीडनचा, तिकडे १८०९ पासून आहे.)

पण हितसंबंधांचे नीट सविस्तर नियम यायला २०१५ उजाडलं, आणि लागू झाले जुलै २०१६ पासून. म्हणजे जवळजवळ ४० वर्षं कायदा होता, "कॉन्फ्लिक्ट नसावा" एवढं होतं, पण कॉन्फ्लिक्ट म्हणजे नक्की काय ते ज्या त्या राज्याने आपापलं ठरवायचं. २०२४ ला नियमांना परत हात लावलाय.

वरवंटा

बरं मान्य, कर्ज धरतात. मग सोपं आहे, पैसे परत घ्या मेहुण्याकडून. कॉन्फ्लिक्ट संपला. फॉर्म कोरा.

तलाठी_नाना

वरवंटा भाऊ, पैसे परत घेतले तरी मेहुणा बायकोचा भाऊच राहतो ना. आणि मागच्या वर्षी दोनदा गेले ते गेलेच.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. दरवर्षी मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र भरायचो. पहिली काही वर्षं सगळ्यांसारखं "निरंक" लिहून मोकळा व्हायचो. मग एक वरिष्ठ म्हणाले, अहो निरंक लिहिलं आणि नंतर सापडलं तर दोन गोष्टी सापडतात, एक जमीन आणि दुसरं निरंक. तेव्हापासून बायकोच्या माहेरची दीड गुंठा पण लिहायचो.

खाडीपलीकडचा

नाना, हे पाठ करून ठेवतो.

ताम्हण ताई, थँक्स. कर्ज त्यात येतं हे बायकोला दाखवलं. ती म्हणाली हा नियम ज्याने लिहिला त्याला बहीण नसणार.

पण मग परिणाम काय? काढूनच टाकतात का?

ताम्हण

नाही हो, लगेच हाकलत नाहीत. कॉन्फ्लिक्ट ओळखा, मग तो दूर करा किंवा त्यावर उपाय करा, असं आहे ते. व्हॉलंटियरच्या बाबतीत बहुतेक वेळा उपाय सोपा असतो, ते घर दुसऱ्याला द्यायचं. स्वतःची आई ज्या नर्सिंग होममधे आहे तिथे ओम्बुड्समन म्हणून जायचं नाही हे पण त्याच यादीत आहे. कारण तिथे आईची तक्रार आणि शेजारच्या खाटेची तक्रार यात आपण कोणाची आधी ऐकू हे सांगायला नको. तिथल्या कोणाचे गार्डियन (कायदेशीर पालक) असाल तर तिथे जायचं नाही. मालकाकडून पैसे घेत असाल तर नाही. लायसन्सच्या कामात असाल तर नाही. आणि गेल्या १२ महिन्यांत एखाद्या फॅसिलिटीत नोकरी केली असेल तर ते सांगायचं. माझ्यासारखी उद्या ओम्बुड्समन व्हायला गेली तर मला हेच पहिलं विचारतील, राज्याचं मुख्य पद हवं असेल तर तेवढ्यावरूनच नाही म्हणतील.

आमच्याकडे जे ओम्बुड्समन येतात त्यांनी पहिल्याच भेटीत आमच्या ॲडमिनिस्ट्रेटरला सांगितलं होतं की माझी पुतणी तुमच्याच ग्रुपच्या दुसऱ्या बिल्डिंगमधे नर्स आहे, ऑफिसला कळवलंय. दोन वाक्यं. मला तेव्हा वाटलं हे आम्हाला कशाला सांगतायत. नंतर कळलं की त्यामुळे उद्या आमच्यापैकी कोणी त्यांना पुतणीवरून काही सुनवायला गेलं तर तो पत्ता आधीच टाकून झालेला.

चिंचगुळाचं_वरण

मी वेगळ्या काउंटीत व्हॉलंटियर आहे. आमच्याकडे सगळ्यात कठीण विषय हा पैशांचा नाहीच, चिवड्याचा आहे 😀

नियम म्हणतो फॅसिलिटीकडून, रहिवाशाकडून किंवा त्याच्या प्रतिनिधीकडून मोठ्या किमतीची भेट घ्यायची नाही. आता मोठी किंमत म्हणजे किती? आमच्या ऑफिसने सरळ सांगितलंय की काहीच घेऊ नका, पाणी सुद्धा स्वतःचं न्या. ठीक. पण एक गुजराती बा आहेत, ८८ वर्षांच्या, मी गेले की उशीखालून दोन डॉलरची नोट काढतात आणि मुठीत कोंबतात. नाही म्हटलं तर रडतात, की मी भिकारी आहे का, माझ्या घरून कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही आजवर. मी ती नोट घेते, बाहेर आल्यावर ऑफिसला फोन करते, आणि त्यांची मुलगी आली की तिला परत देते, ती परत उशीखाली ठेवते. तीच नोट आहे गेले आठ महिने. फाईलला नोंद आहे प्रत्येक वेळची.

आणि एकदा एका असिस्टेड लिव्हिंगच्या डायरेक्टर बाईंनी दिवाळीला फराळाचा डबा दिला, आमच्या मराठीच आहेत त्या. चकली इतकी सुंदर दिसत होती. नाही घेतली. दोन महिन्यांनी त्याच बाईंच्या विरुद्ध बेकायदा घर सोडायला लावण्याची केस आली माझ्याकडे. चकली खाल्ली असती तर मी वेगळं वागले असते का? नसते बहुतेक. पण त्या रहिवाशाच्या मुलाने मला पहिलं वाक्य काय टाकलं माहितेय? "तुम्ही पण त्यांच्यातल्याच ना?" आडनावावरून!

गुळपोळी

दोन डॉलरची नोट आठ महिने फिरतेय 😂 

पण हा आडनावाचा मुद्दा भारी आहे. आपल्या लोकांत सगळेच सगळ्यांना ओळखतात, मग काय काय लिहायचं फॉर्मवर? आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला एका असिस्टेड लिव्हिंगचं स्पॉन्सरशिप आहे, स्टेजवर बॅनर असतो. मंडळाच्या कमिटीवरचा माणूस व्हॉलंटियर झाला तर? आणि माझ्या ४०१के (नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं) मधल्या इंडेक्स फंडात वेलटॉवर असेलच की, त्यांच्या तर सिनियर हाउसिंगच्या बिल्डिंगा आहेत.

ताम्हण

दोन्ही लिहायचं आणि त्यांना ठरवू द्यायचं. इंडेक्स फंडावरून कोणी रात्रीची झोप घालवणार नाही, मंडळाचं विचारतील, कदाचित त्या एका बिल्डिंगपासून लांब ठेवतील. फॉर्म भरणाऱ्याने एकटं बसून "हा काही कॉन्फ्लिक्ट नाही" असं ठरवायचं नाही, एवढंच. काकू, वरवंटा आणि काका गेले दोन दिवस तेच करतायत खरं तर.

वरवंटा

आमचं नाव कशाला मधे 😀 बरं एक विचारतो, चेष्टा नाही. तुम्ही सगळे व्हॉलंटियरच्या चकलीचा हिशोब लावताय, पण वरती काय? ज्या सरकारी खात्यात हे ऑफिस बसतं ते खातं स्वच्छ आहे का? लहान माणसाकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि मोठ्याला मोकाट, हे आपल्याला सवयीचं आहे.

पाटी_पेन्सिल

वरवंटा, हा खरा प्रश्न विचारलात. नियमात दोन भाग आहेत, माणसाचा कॉन्फ्लिक्ट आणि संस्थेचा कॉन्फ्लिक्ट. आणि संस्थेचाच जास्त चिवट असतो.

उदाहरण घ्या. एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, एका टेबलावर लोकल ओम्बुड्समन आणि दुसऱ्या टेबलावर पब्लिक गार्डियन, म्हणजे ज्याला स्वतःचा कारभार बघता येत नाही त्याच्यासाठी नेमलेला सरकारी पालक. एका आजोबांची तक्रार आहे की माझा गार्डियन मला माझे पैसे देत नाही, घरी जाऊ देत नाही. ओम्बुड्समनने कोणाविरुद्ध उभं राहायचं? ज्याच्याबरोबर तो दुपारी डबा खातो त्याच्याविरुद्ध, आणि दोघांचा बॉस एक. किंवा ती संस्था मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) केस मॅनेजमेंट करते, म्हणजे माणसाला त्या फॅसिलिटीत पाठवणारेही तेच. किंवा ॲडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजे एपीएस. लोकांना वाटतं की दोघंही म्हाताऱ्यांच्या बाजूचे मग भांडण कसलं. पण एपीएसचं काम तपास करून छळ झाला की नाही हे ठरवणं, आणि ओम्बुड्समन रहिवाशाच्या परवानगीशिवाय तोंड उघडू शकत नाही. एकाच छपराखाली दोघं असले की एकाने ऐकलेलं दुसऱ्याच्या फाईलला जायला वेळ लागत नाही.

हे सगळं राज्याला दरवर्षी लिहून द्यावं लागतं, फेडरल सरकारच्या नॉर्स नावाच्या रिपोर्टिंग सिस्टिममधे. कुठला कॉन्फ्लिक्ट आहे आणि त्यावर काय केलं, दोन्ही. काही गोष्टींना तर उपायच मान्य नाही, फॅसिलिटींना लायसन्स देणारी एजन्सी किंवा मालकांची संघटना यांना हा प्रोग्राम चालवायचं कंत्राट देताच येत नाही.

आणि तरी राजकारण आहेच. २०११ मधे फ्लोरिडात ब्रायन ली म्हणून राज्याचे ओम्बुड्समन होते. त्यांनी नर्सिंग होम्सना पत्र पाठवून विचारलं की तुमचे मालक कोण, कंपनीच्या मागे कोण ते कळवा. थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. रिक स्कॉट तेव्हा नुकतेच गव्हर्नर झाले होते. त्यावरून बरंच वादळ झालं, फेडरल खात्याने चौकशी पण केली. म्हणजे बघा, फॅसिलिटीच्या मालकाचं नाव विचारल्यावर नोकरी गेली, आणि इथे आमचे धागालेखक मालकाचं नाव गणपतीच्या जेवणात कळलं म्हणून फॉर्म घेऊन बसलेत. मालक कोण हे आधीच उघड असतं तर हा धागाच निघाला नसता.

ओंटारियोची_ओवी

आमच्याकडे ओंटारियोत पेशंट ओम्बुड्समन आहे २०१६ पासून, लाँग टर्म केअर होम्सच्या तक्रारी पण तेच बघतात. पण ते हॉस्पिटल, होम केअर सगळ्याचं मिळून आहे. तुमच्यासारखं बॅज लावून खोलीत येऊन बसणारं कोणी नाही, मला त्याचा हेवा वाटतोय. कॉन्फ्लिक्टबद्दल काही भर घालण्यासारखं नाही, फक्त आजींसाठी जीव तुटला.

खाडीपलीकडचा

मंडळी, एक गोष्ट पहिल्या पोस्टमधे लिहिली नव्हती. दोन दिवस टाळत होतो. आता लिहूनच टाकतो.

कॅलिफोर्नियात नर्सिंग होममधला माणूस ॲडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह (उद्या आपल्याला बोलता आलं नाही तर उपचारांचं काय करायचं, कोणी ठरवायचं हे आधीच लिहून ठेवायचा कागद) करतो तेव्हा साक्षीदारांपैकी एक ओम्बुड्समन किंवा पेशंट ॲडव्होकेट असावाच लागतो, नाहीतर तो कागद चालत नाही. कारण उघड आहे, तिथला माणूस तिथल्या लोकांवर अवलंबून असतो, त्याच्यावर दबाव नाही हे बाहेरच्याने येऊन बघावं. सहा खाटांच्या घराला ही सक्ती नाही, पण आमच्या ऑफिसला कोणी बोलावलं तर आम्ही जातो.

तर यंदा मेहुण्याच्या त्या घरातल्या एका चिनी आजोबांना सहीला साक्षीदार हवा होता. त्यांना मोठ्या नर्सिंग होममधे हलवणार होते, मुलगी म्हणाली त्याआधी कागद करून घेऊ. मी गेलो, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दुभाषी फोनवर घेतला, शिकवलंय तसं सगळं विचारलं, आणि सही केली. बाहेरचा माणूस म्हणून. तेव्हा मला माहीत नव्हतं की मी बाहेरचा नाही. गणपती त्यानंतर पाच आठवड्यांनी.

आजोबांवर दबाव नव्हता, मला खात्री आहे. पण ताम्हण ताई, तुमचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, तेव्हाही सांगणारा मीच ना.

तलाठी_नाना

फॉर्मची मुदत १५ दिवस असेल, याची नाही. उद्या सकाळी फोन करा. सोमवारची वाट बघू नका.

चिंचगुळाचं_वरण

+१ नाना. काका, घाबरू नका, माहीत नसताना झालंय. पण तारखा सगळ्या कागदावर लिहून घ्या फोन करायच्या आधी. पैसे कधी दिले, घर यादीत कधी आलं, कधी कधी गेलात, सही कधी, कळलं कधी. आणि गणपतीत मेहुण्याने तक्रारीचं विचारलं ते पण सांगा. ते सगळ्यात महत्त्वाचं आहे खरं तर, तुमचा विश्वास बसणार नाही पण ऑफिसला पैशांपेक्षा तेच जास्त टोचेल.

वरवंटा

आता मी गप्प. फोन करा साहेब.

खाडीपलीकडचा

अपडेट द्यायला उशीर झाला, तीन आठवडे गेले.

फोन केला. कोऑर्डिनेटर बाई अजिबात ओरडल्या नाहीत, ते जास्त अवघड गेलं. शांतपणे तारखा लिहून घेतल्या, चिंचगुळ ताईंनी सांगितल्याप्रमाणे माझ्याकडे कागद तयार होता. मेहुण्याने विचारलेलं सांगितलं तेव्हा मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, नक्की कुठल्या शब्दांत विचारलं? मराठीतून इंग्रजीत "सहज विचारतोय" कसं सांगायचं यावर आमची पाच मिनिटं गेली. शेवटी म्हटलं, जेव्हा सहज नसतं तेव्हा आमच्यात असं म्हणतात.

फॉर्मवर सगळं लिहिलं, बायकोचे पैसे, मेहुण्याची दोन्ही घरं, पार्टनरची कंपनी. शिवाय मंडळाचा बॅनर पण लिहिला गुळपोळी, मी पण कमिटीवर होतो दोन वर्षं. मेहुण्याचं घर माझ्याकडून काढलं, आणि त्या पार्टनरची आणखी दोन घरं आमच्या एरियात निघाली ती पण काढली, मला कल्पनाच नव्हती. चिनी आजोबांच्या कागदाचं दुसरं कोणीतरी जाऊन बघणार आहे. पुढे काय झालं ते मला सांगणार नाहीत. सांगू नयेच.

आजींचं विचारलं. म्हणाल्या, त्या घराला आता दुसरी व्हॉलंटियर जाईल, दुभाषी फोनवर घेईल. तुला भेटायला जायचं असेल तर कोणीही पाहुणा जातो तसा भेटीच्या वेळेत जा. बॅज नाही, नोंद नाही, फाईल बघायची नाही, आणि त्या काही बोलल्या किंवा तुला काही दिसलं तर स्वतः सोडवायला जायचं नाही, बाहेरचा माणूस करतो तसा ऑफिसला फोन करायचा.

काल गेलो. दुभाषी मराठी मिळाला होता म्हणे पण फोनमधून आवाज येतो म्हटल्यावर आजी बोलल्याच नाहीत, पदर डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. हे ऑफिसला कळवलंय, पुढच्या वेळी मुलाला बरोबर बोलवून बघणार आहेत. माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या. मग मधेच माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "आज पट्टा कुटं गेला रं तुजा? नोकरी सुटली का काय?"

ओंटारियोची_ओवी

अरे देवा. मग काय सांगितलंत?

खाडीपलीकडचा

म्हटलं हो, या घरापुरती सुटली. तर म्हणाल्या मग जेवून जा.

वरवंटा

जेवलात का? का त्याचा पण फॉर्म आहे?

खाडीपलीकडचा

पाहुणा म्हणून गेलो होतो ना, तरी बाहेर आल्यावर ताम्हण ताई आठवल्या आणि ऑफिसला कळवून टाकलं. अर्धी वाटी भात आणि मूग.

गुळपोळी

आणि काकू? मेहुणा?

खाडीपलीकडचा

बायको बोलतेय, पहिला आठवडा कमी बोलत होती. मेहुणा अजून नाही. भाऊबीज पुढच्या आठवड्यात आहे, बघू.